नाइलाज कोणाचा? वॉरहॅमरच्या काळोख्या विश्वातलं चांगलं आणि वाईट

प्रश्न नाशिकरोडच्या एका मुलाचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. थोडक्यात असा: "दादा, मी वॉरहॅमर 40,000 या खेळातले ब्लॅक टेम्प्लर सैनिक रंगवतोय. ग्रुपमधले म्हणतात, इम्पिरियम क्रूर आहे, पण त्यांचा नाइलाज आहे, नाहीतर माणूसजातच संपेल. मला हे पटत नाही आणि खोडताही येत नाही. या लोरमध्ये, म्हणजे खेळामागच्या कथेत, चांगली बाजू कोणती? की सगळेच वाईट, म्हणून हा प्रश्नच विचारायचा नाही?"

तुझ्या प्रश्नातल्या 'नाइलाज' या शब्दापासूनच सुरुवात करतो. गंगापूर रोडला घराच्या गच्चीवरच्या खोलीत गेली चौदा वर्षं मी या खेळाच्या कॅम्पेन, म्हणजे एका कथेत गुंफलेल्या डावांच्या मालिका, चालवतोय. इम्पिरियमची बाजू घेणारा प्रत्येक जण शेवटी याच शब्दावर येतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता तो कधी येणार तेही आधी कळतं. तो सहज येतो, कारण लोरनेच तो आपल्या तोंडी दिलाय. आणि तो खोटा असल्याचे पुरावेही त्याच लोरने जागोजागी ठेवलेत. फक्त ते एका जागी मांडून ठेवलेले नाहीत, शोधावे लागतात.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी पार्श्वभूमी. हा टेबलावरचा युद्धखेळ, मिनी म्हणजे छोटे पुतळे रंगवून त्यांच्या फौजा लढवायच्या. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने हा खेळ 1987 साली काढला, लिहिला रिक प्रिस्टली यांनी. काळ आहे 41व्या सहस्रकाचा. माणसाचं साम्राज्य, म्हणजे इम्पिरियम, दहा लाख ग्रहांवर पसरलंय. त्याचा सम्राट दहा हजार वर्षांपासून सुवर्णसिंहासनावर खिळून आहे, धड जिवंत नाही आणि धड मेलेलाही नाही. त्याला तसं टिकवायला रोज 1,000 सायकरांचा बळी जातो. सायकर म्हणजे मनःशक्ती घेऊन जन्मलेली माणसं. काळी जहाजं ग्रहोग्रही फिरून त्यांना गोळा करतात. सम्राटाच्या मनःशक्तीचा जो दीपस्तंभ आहे, त्याच्या खुणेशिवाय जहाजांना वॉर्पमधून, म्हणजे ज्या दुसऱ्या मितीतून ती ताऱ्यांमधलं अंतर कापतात तिथून, वाट सापडत नाही.

एवढं ऐकल्यावर कोणीही म्हणेल, मग दुसरं करणार तरी काय? बळी थांबवले तर जहाजं भरकटतील, ग्रह एकमेकांपासून तुटतील, सगळं कोसळेल. 41व्या सहस्रकात उभं राहून बोलायचं तर हे खरंच आहे. पण ही वेळ आली कशी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

वॉर्प हे भावनांचं विश्व आहे. संताप, भीती, हाव, निराशा, जे काही जिवंत मनांत उसळतं ते तिथे साचतं, आणि त्यातूनच केऑसचे चार देव झाले. सम्राटाला हे माहीत होतं. त्याने ते मुलांनाही सांगितलं नाही. देव नाहीतच, विज्ञान हेच सत्य, असा हुकूम काढून तो आकाशगंगा जिंकायला निघाला. मॅग्नस हा त्याचा मनःशक्तीत सर्वांत प्रबळ मुलगा. भाऊ होरस उलटणार हे त्याला दिसलं, तेव्हा बापाला सावध करायला त्याने बंदी असलेली विद्या वापरून निरोप पाठवला. त्या निरोपाच्या धक्क्याने बापाच्या एका गुप्त कामाचं संरक्षककवच फुटलं. वॉर्पशिवाय प्रवास करता यावा म्हणून बाप सिंहासनाखाली एक वाट बांधत होता, आणि त्या वाटेबद्दल मुलाला त्याने अवाक्षर सांगितलं नव्हतं. कवच फुटलं, राक्षस आत आले, आणि ते भगदाड रोखून धरायला सम्राटाला सिंहासनाला बांधून घ्यावं लागलं. रोजच्या हजार बळींचा उगम शोधत मागे गेलास तर तू एका बापाच्या मौनापाशी पोहोचतोस.

दुसरा पुरावा इंटरेक्सचा. ही माणसांचीच संस्कृती, इम्पिरियमशी तुटलेली. परग्रहवासीयांबरोबर ते एकत्र राहत होते, आणि केऑस म्हणजे काय हे त्यांना नीट माहीत होतं. त्यांनी ते लपवलं नव्हतं. होरसच्या सैन्याची त्यांची भेट सलोख्याने सुरू झाली. मग त्यांच्या संग्रहालयातून एक शापित शस्त्र चोरीला गेलं, चोर होरसच्याच गोटातला होता, संशयातून लढाई पेटली आणि इंटरेक्स पुसले गेले. म्हणजे दुसरी वाट होती. चालू होती, तिच्यावर माणसं नांदत होती. परग्रहवासीयांशी सलोखा अशक्य, सत्य सांगितलं तर लोक बिघडतील, या दोन्ही गोष्टी खोट्या ठरवणारा जिवंत दाखला इम्पिरियमने स्वतःच्या हाताने मिटवला. त्यानंतरचं 'पर्यायच नव्हता' हे वाक्य मला तरी ऐकवत नाही.

आणि आजचं काय? रोजची उपासमार, मुंडकी उडवण्याच्या शिक्षा, खाणीत संपणारे जन्म. या सगळ्यातून जो संताप आणि जी निराशा निघते, ती कुठे जाते? वॉर्पमध्ये. ज्या शत्रूच्या भीतीने जुलूम चाललाय त्या शत्रूचं पोट त्याच जुलमावर भरतंय. या लोरमधला हा सगळ्यात बारकाईने विणलेला धागा आहे असं माझं मत आहे.

आता तुझा टेम्प्लर हातात घे. भिंगाखाली धर. उजव्या खांद्याच्या कवचावर किंवा मांडीवर एक प्युरिटी सील असेल. मसुराच्या दाण्याहून लहान लाल लाखेची चकती, आणि तिच्याखाली लोंबणारी दोन कागदी पट्ट्यांची चिठ्ठी. आधी हस्तिदंती रंग, मग तपकिरी वॉश (पातळ रंगाचा हात), तो वाळल्यावर कडांना पुन्हा हस्तिदंती. त्यावर सर्वांत बारीक ब्रशने चार-पाच ओळी नागमोडी ओढायच्या, ती प्रार्थना. कोणाची प्रार्थना? सम्राटाची. ज्याने स्वतःची पूजा करू नका म्हणून एक अख्खं शहर जाळलं होतं, त्याची. लॉर्गर या मुलाने बापाला देव मानून ग्रंथ लिहिला, ग्रहोग्रही मंदिरं उठवली. बापाने मोनार्किया हे त्याचं सर्वांत लाडकं शहर भस्म केलं आणि मुलाला त्याच्या सगळ्या सैन्यासह राखेत गुडघे टेकायला लावले. अपमानाने पोळलेला लॉर्गर दुसरे देव शोधत केऑसकडे गेला, आणि बंडाचं बी तिथे पडलं. त्याने टाकून दिलेला ग्रंथ मागे राहिला, आणि त्याच ग्रंथावर पुढे इम्पिरियमचा धर्म उभा राहिला. बहुतेक स्पेस मरीन, म्हणजे इम्पिरियमचे अतिमानवी सैनिक, सम्राटाला थोर पूर्वज मानतात, देव नाही. तुझे ब्लॅक टेम्प्लर मात्र देव मानतात. म्हणजे तू त्या बारीक ब्रशने जे लिहितोस, ते मूळ शब्द साम्राज्याच्या पहिल्या गद्दारांपैकी एकाचे आहेत, आणि ते अंगावर मिरवणाऱ्या शूर, निष्ठावान सैनिकाला त्याचा पत्ता नाही. त्याची निष्ठा खोटी नाही. त्याला दिलेला इतिहास खोटा आहे. हा फरक रंगवताना मनात ठेव, मिनीच्या चेहऱ्यावर उतरतो तो.

इतिहास कोण लिहितो, हे समजून घ्यायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. पांडवलेणीला आपण शाळेच्या सहलीपासून जातोय, पण पायऱ्या चढून, फोटो काढून, माकडांना चुकवून खाली येतो. पुढच्या वेळी 3 क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत थांब. मागच्या भिंतीवर गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाच्या मृत्यूनंतर कोरवलेली प्रशस्ती आहे. तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या 19व्या वर्षातली. शक, यवन, पल्हवांचा संहार करणारा, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा, असं ती मुलाचं वर्णन करते. आणि त्याच लेखात, अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायला ज्याला आवडत नसे, असंही म्हणते. एकाच भिंतीवर, एकाच आईच्या शब्दांत. तिला त्यात विसंगती वाटली नाही. इम्पिरियमच्या प्रत्येक स्तोत्राचा सूर मला तिथे ऐकू येतो.

मग तसाच चालत 10 क्रमांकाच्या लेण्यापाशी जा. ते त्याच क्षहरातांचं. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख तिथे आहेत: तीन लाख गाई दान दिल्या, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, धर्मशाळा बांधल्या, भिक्खूंसाठी हे लेणं खोदवलं. प्रशस्तीत जे वंश निःशेष करण्याच्या लायकीचे ठरतात, ते इथे उदार दानशूर आहेत. एकच डोंगर, दोन तोंडं. खेळाचं कोडेक्स, म्हणजे एकेका फॅक्शनचं (फौजेचं) पुस्तक, वाचताना ही सवय लाव: प्रत्येक कोडेक्स हे त्या त्या फॅक्शनच्या लेण्याची ओसरी आहे.

लोर मधेच बदलतं म्हणून जुने खेळाडू चिडतात, त्याचंही उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 1906 साली जोगलटेंभीला 13,000हून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची. त्यातल्या 9,000हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा ठोकलेला. नीट पाहिलं तर नहपानाच्या गालावर सातवाहनांच्या डोंगराचं चिन्ह बसलंय आणि खालून जुना चेहरा अजून दिसतोय. रेटकॉन, म्हणजे आधी सांगितलेली कथा नंतर बदलणं, ते नेमकं हेच. 2002 सालच्या कोडेक्समध्ये नेक्रॉन, म्हणजे धातूच्या देहांची प्राचीन फौज, ताऱ्यांच्या देवांचे मुके गुलाम होते. 2011 साली त्यांच्यावर नवा शिक्का बसला: त्यांनी देवांचे तुकडे केले, त्यांच्यात राजे आले, घराणी आली, मानापमान आले. मला नवं रूप जास्त आवडतं, पण जुना चेहरा पुसून टाकावा असं वाटत नाही. होरसचं बंडही असंच अडचणीतून आलं. 1988 साली कंपनीने यंत्रदैत्यांच्या लढाईचा एक खेळ काढला, पेटीत दोन्ही बाजूंना एकाच साच्याचे दैत्य होते, वेगळे साचे परवडत नव्हते. मग एकसारखी यंत्रं एकमेकांशी का लढताहेत? कारण यादवी आहे. त्या एका प्लास्टिकच्या साच्यातून या विश्वाची सर्वांत मोठी शोकांतिका निघाली.

चांगली बाजू कोणती, या प्रश्नाला बाहेरचे खेळाडू बहुतेक वेळा टाऊ या परग्रहवासी जमातीचं नाव घेतात. सर्वांचं भलं हे त्यांचं ब्रीद, परग्रहवासीयांनाही ते सामावून घेतात, तंत्रज्ञान पुढे नेतात. मराठी वाचकाने इथे जरा जास्त वेळ थांबावं. टाऊ समाजात पाच जाती आहेत. लढणारे, बांधणारे, बोलणी करणारे, जहाजं चालवणारे, आणि सर्वांच्या वर इथिरियल, ज्यांचा शब्द कोणी मोडत नाही. काम जन्मावर ठरतं. जातीबाहेर संबंधाला मनाई. कोणाचीही तक्रार नाही, सगळे सुखी आहेत, असं त्यांचं कोडेक्स सांगतं. बलश्रीच्या प्रशस्तीत मुलाचा आणखी एक गौरव आहे, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. ती ओळ आपल्याकडे वाचता येते, तिच्याखाली कोण दबलं हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून टाऊंची शांतता वाचताना मला स्वस्थ वाटत नाही, आणि तुलाही वाटू नये. ते इम्पिरियमपेक्षा कमी क्रूर आहेत हे मान्य. पण एखाद्या समाजात एकही माणूस कुरकुर करत नसेल तर तोंड कोणी बांधलं ते शोधावं.

एल्डारी या दुसऱ्या परग्रहवासी जमातीने विलासाच्या अतिरेकातून स्वतःच एक देव जन्माला घातला आणि आता तो त्यांचे आत्मे गिळतो. त्यांच्यातले ड्रुकारी दुसऱ्यांना छळून स्वतःचा आत्मा भरत राहतात, त्यांचाही नाइलाज. टिरॅनिडांना भूक आहे आणि ऑर्कांना लढाईची हौस. त्यांच्या बाबतीत नीतीचा प्रश्न येत नाही, टेबलावर मात्र दोघेही मजा आणतात.

मग सगळेच वाईट म्हणून प्रश्न सोडून द्यायचा का? तसं केलंस तर आर्मागेडन या ग्रहाचं काय करशील? पहिल्या आर्मागेडन युद्धात राक्षसांना हरवलं गेलं. केऑस डोळ्यांनी पाहिलेले लोक जिवंत ठेवायचे नाहीत, या नियमाने इन्क्विझिशनने, म्हणजे इम्पिरियमच्या गुप्त तपास यंत्रणेने, वाचलेल्या नागरिकांची नसबंदी करून त्यांना छावण्यांत मरेपर्यंत राबायला धाडलं, आणि लढलेल्या सैनिकांच्या जहाजांवर हल्ले सुरू केले. स्पेस वुल्व्ज या स्पेस मरीन तुकडीचा प्रमुख लोगन ग्रिमनार मधे पडला. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलो त्यांना मारू देणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्याने इम्पिरियमशीच लढाई ओढवून घेतली. तो साम्राज्य बदलू शकला नाही. बहुतेकांना वाचवूही शकला नाही. पण नाइलाज म्हणाला नाही. या विश्वात चांगली बाजू सापडत नाही, चांगला क्षण सापडतो, आणि त्याची किंमत नेहमी मोजलेली असते.

हे टेबलावर कसं आणायचं, ते एका डावातून सांगतो. जीनस्टीलर कल्टची कॅम्पेन होती. हा कल्ट खाणकामगारांमध्ये पसरतो. ताऱ्यांवरून आपला तारणहार येणार असं त्यांना सांगितलेलं असतं, आणि येतात ते टिरॅनिड, भक्तांनाही खाणारे. तारणहार खोटा, पण कामगारांची तक्रार शंभर टक्के खरी. थर्माकोलचा तट, मधे दरवाजा, दरवाजाबाहेर मी भद्रकाली बाजारातून आणलेले बारा तांबडे मणी ठेवले. ते निर्वासित. गार्ड, म्हणजे इम्पिरियमचं साधं पायदळ, खेळणाऱ्या मुलाच्या हातात चिठ्ठी दिली: यांच्यात कल्टने बाधित झालेले असण्याची शक्यता आहे. एक कमांड पॉइंट खर्च करून तपासणी करता येईल, हे नियमपत्रात लिहिलेलं होतं. तो पॉइंट त्याने तोफेसाठी राखला. दरवाजा बंद केला. तिसऱ्या फेरीत शत्रूची रांग मण्यांवरून गेली, मी ते एकेक उचलून पेल्यात टाकले, प्रत्येक वेळी टक्‌ असा आवाज. डाव तो जिंकला. रोजनिशीत त्याने लिहिलं, नाइलाज झाला. मग विचारलं, किती बाधित होते? मी म्हटलं, एकही नाही. तो माझ्यावर भडकला, फसवलंत म्हणाला. अर्ध्या तासाने स्वतःच नियमपत्र उघडून ती तपासणीची ओळ पुन्हा वाचत बसला. त्याला मी काहीच समजावलं नाही.

खेळ बनवणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर 2021 मध्ये जाहीर केलं की इम्पिरियम द्वेषावर चालतं, पण वॉरहॅमर द्वेषासाठी नाही, आणि द्वेषाची चिन्हं मिरवणाऱ्यांना खेळात जागा नाही. हे सांगावं लागलं, कारण हा फरक काहींना खरंच कळत नाही. मी ते जवळून पाहिलंय. एका स्पर्धेत एक खेळाडू नव्या मुलाला खेळातलेच शब्द वापरून चिडवू लागला. म्युटंट, शुद्धीकरण. आधी त्याच्या सैन्यावरून, मग त्याच्या बोलण्यावरून, मग आडनावावरून. मी दोन टेबलं पलीकडे मोजायची टेप धरून उभा होतो. ऐकलं, आणि हा डाव संपला की बोलतो असं ठरवलं. डाव संपायच्या आत तो मुलगा डबा भरून निघून गेला, पुन्हा कधी दिसला नाही. मधेच डाव थांबवायचा कसा, असं तेव्हा वाटलं होतं. तेव्हापासून माझ्या खोलीत नियम आहे: खेळातला शब्द टेबलाबाहेरच्या माणसाला लागला की फासे खाली ठेवायचे, त्याच क्षणी.

तुझ्या टेम्प्लरांसाठी आता एक काम कर. त्यांनी जिंकलेल्या एका ग्रहाची नोंद दोनदा लिही. एक पान त्यांच्या चॅप्लेनचं (धर्मगुरूचं), पूर्ण श्रद्धेने, एकही शब्द खोटा न वाटता. दुसरं पान त्या ग्रहावर राहिलेल्या कोणाचं तरी, भट्टीवर काम करणाऱ्या बाईचं म्हण. दोघांना तीच लढाई दिसली पाहिजे, तारीख तीच, हवा तीच. त्याआधी एकदा सकाळी लवकर पांडवलेणीला जाऊन ये, आधी 10 नंबर बघ आणि मग 3. पाऊस उघडेपर्यंत स्प्रे प्रायमर मारू नकोस, दमट हवेत मिनीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो. रविवारी दोन्ही पानं आणि टेम्प्लर घेऊन ये. त्या बाईचं पान आधी वाचू.